दाणा गेला कुठल्या नळीत?

वाचकांचे प्रश्न : कान, नाक, घसा

नाका-कानात, घशात किंवा श्वासनळीत काहीतरी अडकल्याची बरीच पत्रं साठली होती. सारखे प्रश्न एकत्र करून या अंकात त्यांची उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : नातू वीस महिन्यांचा आहे. दहा दिवसांपूर्वी शेंगदाणे खाताना त्याला जोराचा ठसका लागला, ओठ निळसर पडले, मग रडला आणि शांत झाला. तेव्हापासून खोकला आहे. एक्स-रे नॉर्मल आला, म्हणून गावातल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. शहरातले डॉक्टर म्हणतात, दुर्बीण घालून बघायला हवं. एक्स-रे नॉर्मल असताना एवढ्याशा पोराला भूल द्यायची का? (अंबाजोगाई)

उत्तर : द्यायची, आणि आज-उद्यातच. तुमच्या पत्रात महत्त्वाचं आहे ते ‘ठसका लागला, ओठ निळसर पडले’ एवढंच. एक्स-रेच्या निकालाला इथे फारसं वजन नाही. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, सीताफळाची बी यांतलं काहीच एक्स-रेत दिसत नाही. दिसलाच तर त्यांचा परिणाम दिसतो, आणि तोही नेहमी नाही.

आत काय होतं ते पाहा. श्वास घेताना श्वासनळीचे फाटे किंचित रुंदावतात, सोडताना आवळतात. दाणा फाट्यात अर्धवट बसला, तर हवा त्याच्या कडेने आत जाते, पण बाहेर पडताना कोंडते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह करतो तसंच. त्या बाजूचं फुप्फुस फुगत जातं आणि हृदय विरुद्ध बाजूला ढकललं जातं. दाण्याने फाटा पूर्ण बंद केला तर उलटं होतं : पलीकडची हवा शोषली जाते, फुप्फुस बसतं आणि हृदय त्याच बाजूला ओढलं जातं. फुगलेलं फुप्फुस श्वास सोडलेल्या क्षणी काढलेल्या एक्स-रेत ओळखू येतं. पण वीस महिन्यांच्या मुलाला ‘श्वास सोड आणि थांब’ असं कोण सांगणार? फिल्म श्वास आत घेतानाची निघाली तर ती साफ दिसते. हवेची ही कोंडी मुरायलाही वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशीची फिल्म तर अनेकदा नॉर्मलच असते.

पोरगं शांत झालं याने घरच्यांना वाटतं, दाणा गिळला गेला. प्रत्यक्षात श्वासनळीचं अस्तर त्या दाण्याला सरावतं आणि ठसका थांबतो. या शांततेत दिवस निघून जातात, कधी महिनेही. मग एकाच बाजूचा न्युमोनिया पुन्हा पुन्हा होतो, किंवा ‘दमा’ म्हणून वाफारा सुरू होतो. दम्याची शिट्टी छातीत दोन्हीकडे ऐकू येते. ती एकाच बाजूला येत असेल, किंवा एका बाजूला श्वासाचा आवाज कमी असेल, तर आधी दाण्याचा संशय घ्यावा. मोठ्या माणसात उजवा फाटा जास्त रुंद, आखूड आणि सरळ असल्याने वस्तू बहुधा तिकडे जाते. लहान मुलांत हा फरक कमी असतो, तेव्हा डावी बाजूही तितक्याच लक्षपूर्वक ऐकायची.

शेंगदाणा इतर वस्तूंपेक्षा वाईट, कारण तो नुसता अडत नाही. त्याच्या तेलाने अस्तर चिडतं, सुजतं, त्यावर लालसर मांस वाढतं. दाणा स्वतःही ओलावा पिऊन फुगतो आणि मऊ पडतो. पहिल्या दिवशी चिमट्यात अख्खा येणारा दाणा दहाव्या दिवशी चिमट्यात धरला की भुगा होतो. प्लॅस्टिकचा मणी मात्र तिथेच महिनोन्‌महिने मुकाट पडून राहू शकतो.

शंका धूसर असेल, म्हणजे ठसका कुणी पाहिलेलाच नसेल, तर कमी किरणांचा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. तुमच्या बाबतीत ठसका डोळ्यांदेखत लागलाय. दुर्बीण हीच तपासणी आणि हाच उपचार. आत काही सापडलं नाही तर ‘उगाच केलं’ असं वाटून घेऊ नका. तो निकालसुद्धा हवाच असतो.

नेताना बाळ आईच्या मांडीवर बसतं ठेवा. पाठ थोपटून कफ सोडवायचा, उलटं धरायचं, वाफारा द्यायचा, यांतलं काही करू नका. फाट्यात बसलेला दाणा सुटून मुख्य नळीत आला, तर दोन्ही फुप्फुसं एकदम बंद होतात.

प्रश्न : दुर्बिणीने दाणा काढतात म्हणजे नेमकं काय करतात? धोका कुठे असतो? (नांदेड)

उत्तर : लहान मुलांसाठी मुख्यतः सरळ, न वाकणारी धातूची नळी वापरतात, तिला रिजिड ब्रॉन्कोस्कोप म्हणतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला साधारण साडेतीन नंबरची, बाहेरून पावणेसहा मिलिमीटर जाडीची नळी बसते. तान्ह्याला अडीच किंवा तीन नंबरची. तिच्या बाजूला एक तोंड असतं, तिथे भूलयंत्र जोडतात. म्हणजे ज्या नळीतून बघायचं, तिच्यातूनच मुलाला प्राणवायू आणि भूल मिळते. सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकाच वाटेत काम करतात, त्यामुळे दोघांचं आधी बोलणं झालेलं असावं लागतं.

मूल स्थिर असेल तर शेवटच्या दूध-जेवणानंतर सहा तास थांबतात, आईचं दूध असेल तर चार. श्वास अडत असेल तर थांबत नाहीत. वायूने भूल देऊन मुलाचा स्वतःचा श्वास शक्यतो चालू ठेवतात, कारण जोराने हवा ढकलली तर दाणा आणखी खाली सरकू शकतो किंवा फुगलेल्या फुप्फुसात हवा आणखी कोंडते. स्वरतंतूंवर लिग्नोकेनचा, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाचा, फवारा मारतात, नाहीतर नळी लागताच ते आवळून बंद होतात. मग नळीचं तिरकं टोक आडवं वळवून दोन स्वरतंतूंमधून आत सरकवतात. आधी चांगल्या बाजूचं बघून घेतात, मग अडलेल्या बाजूला जाऊन साचलेला स्राव ओढून काढतात, आणि दाणा दिसतो.

चिमट्यातच दुर्बीण बसवलेली असल्याने पकड डोळ्यांसमोर होते. दाणा हलक्या हाताने धरायचा, चिरडायचा नाही. दाणा सहसा नळीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे तो नळीतून ओढून घेता येत नाही. चिमटा, दाणा आणि नळी तिन्ही एकदम, एकाच हालचालीत बाहेर काढतात. सगळ्यांत धोक्याची जागा इथेच येते. स्वरतंतूंच्या अरुंद फटीत दाणा चिमट्यातून निसटतो आणि मुख्य नळीत अडकतो. तेव्हा वर ओढण्याची झटापट करत बसायचं नसतं. तो ज्या फाट्यातून आला तिकडे परत ढकलून द्यायचा, एका फुप्फुसावर मुलाला सावरू द्यायचं, मग पुन्हा प्रयत्न. ऐकायला उलटं वाटतं, पण मूल वाचतं ते यामुळे. सीताफळाच्या गुळगुळीत बीवर चिमटा घसरतो, तीही याच जातीची अडचण.

दाणा आला की काम संपत नाही. नळी पुन्हा घालून दोन्ही बाजू बघतात, कारण दाण्याच्या दोन पाकळ्या दोन ठिकाणी असू शकतात. फार सूज किंवा रक्त असेल तर पातळ केलेल्या ॲड्रिनलिनचा बोळा लावतात. तरी जमत नसेल तर थांबून, काही दिवस प्रतिजैविक आणि स्टेरॉइड देऊन दुसऱ्यांदा जातात. यात कमीपणा नाही. नंतर बहुधा एक दिवस दवाखान्यात ठेवतात. घशात घरघर आली तर ॲड्रिनलिनचा वाफारा देतात.

रुग्णालय निवडताना तीन गोष्टी विचारा : मुलांच्या मापाचा रिजिड ब्रॉन्कोस्कोप आणि दुर्बिणीचा चिमटा आहे का, लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर आहेत का, मुलांचा अतिदक्षता विभाग आहे का. मूल स्थिर असेल तर अपुऱ्या सामानानिशी रात्री दोनला करण्यापेक्षा सकाळी सगळी माणसं जमल्यावर केलेलं बरं.

मोठ्या माणसांत, विशेषतः सुपारीचं खांड श्वासात गेलेल्या म्हाताऱ्यांत, वाकणारी दुर्बीण बऱ्याचदा पुरते. तिच्यातून जाळी टाकतात, किंवा टोक गोठवणारी सळई वस्तूला चिकटवून ओढून आणतात. ओल्या, सेंद्रिय वस्तूला ही गोठवण छान धरते.

प्रश्न : दुर्बीण नव्हती तेव्हा काय करत? (पुणे)

उत्तर : फार काही करता येत नसे. श्वासनळी बाहेरून उघडत, किंवा खोकून पडेल म्हणून वाट बघत. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये गुस्ताव किलियान यांनी १८९७ मध्ये एका शेतकऱ्याच्या उजव्या फाट्यात गेलेलं हाड अन्ननलिकेसाठी बनवलेल्या सरळ नळीतून, कोकेन लावून जागा बधिर करून काढलं. तिथून हे शास्त्र सुरू झालं. पुढे फिलाडेल्फियाच्या शेव्हॅलिअर जॅक्सन यांनी त्यासाठी चिमटे आणि नळ्या घडवल्या. त्यांनी जपून ठेवलेल्या २३७४ वस्तू तिथल्या म्युटर संग्रहालयात आहेत : पिना, नाणी, बटणं, दाणे, हाडं. यादी वाचताना आजच्या ओपीडीचीच वाटते. १९६० च्या दशकात काचेच्या सळयांची हॉपकिन्स दुर्बीण आली आणि मिणमिणत्या उजेडात अंदाजाने केलं जाणारं काम डोळ्यांसमोर होऊ लागलं.

प्रश्न : नातीचं बोरन्हाण आहे. दीड वर्षाची आहे. टाकायचं काय, आणि ठसका लागलाच तर करायचं काय? डोक्यावर टपली मारून ‘वर बघ’ म्हणतात ते बरोबर का? (सातारा)

उत्तर : टपलीने काही होत नाही, आणि मान वर केली की वाट आणखी सरळ होते. कुणी आठवण काढत असेल तर काढू दे.

बोरन्हाणाची गंमत अशी की ज्या वयात ते करतात, त्याच वयाला त्यातल्या निम्म्या वस्तू चालत नाहीत. दाण्याचं पीठ करणाऱ्या दाढा पहिल्या वाढदिवसानंतर येऊ लागतात आणि त्यांतल्या मागच्या दाढा अडीच वर्षांच्या सुमारास. तोवर मूल पुढच्या दातांनी तुकडा तोडतं आणि गोळी तशीच मागे जाते. बोरं, सुटे शेंगदाणे, हरभरे, हलवा, उसाचे करवे, गोळ्या वगळा. चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या उधळा, न फोडलेल्या भुईमुगाच्या शेंगा चालतील. पण जमलेली थोरली पोरं त्या लगेच सोलतात, तेव्हा खाली पडलेलं आधी झाडून घ्या आणि मग फोटो काढा. अख्खा दाणा चार वर्षांपर्यंत नको. कूट किंवा पातळ लावलेलं दाण्याचं लोणी द्या. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करून द्या.

आता ठसका. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर हात लावू नका. त्याच्या खोकल्याइतका जोर तुमच्या हातात नाही. पाणी पाजू नका. खोकल्याचा आवाज निघेना, रडू फुटेना, ओठ निळे पडू लागले, तर मात्र क्षणही घालवायचा नाही. एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने सुरुवात करायची.

तुमची नात एक वर्षाच्या वर आहे. तिला पुढे वाकवा, एका हाताने छातीला आधार द्या आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने दोन खवाट्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा मारा. नाही निघालं तर मागे गुडघ्यावर बसा, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या टोकाच्या खाली मूठ ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत-वर असे पाच झटके द्या. पाच थापा, पाच झटके, वस्तू निघेपर्यंत किंवा मूल बेशुद्ध होईपर्यंत. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके कधीही द्यायचे नाहीत, त्याचं यकृत फाटू शकतं. त्याला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीत पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर पाच दाब द्या. गरोदर बाईलाही पोटावर नाही, छातीवर झटके द्यायचे.

मूल बेशुद्ध पडलं तर जमिनीवर निजवून छाती दाबायला सुरुवात करा : मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने ३० दाब, मग २ श्वास. प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात बघा. वस्तू दिसली तरच काढा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट फिरवलं की ती स्वरयंत्रात ठोकून बसवली जाते. पोटावर झटके दिलेल्या प्रत्येक मुलाला, ते नंतर खेळत असलं तरी, दवाखान्यात दाखवायचं.

प्रश्न : मुलाने रुपया गिळला. शेजारच्यांनी केळी खाऊ घालायला सांगितली, ‘शौचावाटे पडेल’ म्हणाले. वाट बघावी का? (कोल्हापूर)

उत्तर : आधी तो रुपयाच होता का? २०१९ नंतरच्या एक रुपयाच्या नाण्याचा व्यास २० मिलिमीटर आहे, आणि रिमोट, वजनकाटा, गाडीची चावी, दिवाळीत लावतात त्या लुकलुकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पणत्या यांतल्या सीआर २०३२ या बटण बॅटरीचाही तेवढाच. नाणं गिळताना कुणी नीट पाहिलं नसेल तर बॅटरीच समजून निघायचं, केळी घरी ठेवून.

बॅटरी फुटते, आतलं रसायन गळतं, असा समज आहे. ती न फुटताही जाळते. अन्ननलिकेच्या दोन भिंती तिच्या दोन्ही बाजूंना टेकल्या की ओल्या अस्तरातून वीज वाहते आणि ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली तयार होतो. दोन तासांत खोल भाजू शकतं. २० मिलिमीटरची, ३ व्होल्टची लिथियम बॅटरी सर्वांत वाईट, कारण ती अन्ननलिकेत अडकण्याइतकी मोठी आणि दुप्पट व्होल्टची. जुनी, रिमोट चालवू न शकणारी बॅटरीसुद्धा जाळते. मूल लाळ गाळेल, खाणार नाही, खोकेल किंवा काहीच दाखवणार नाही.

एक वर्षावरच्या मुलाने बारा तासांच्या आत गिळली असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर निघताना मध द्या : दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिलि, दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. मध अल्कलीचा जोर कमी करतो आणि बॅटरीवर लेप धरतो. मधाची बाटली शोधण्यात वेळ जात असेल तर तसेच निघा. वर्षाखालच्या बाळाला मध नाही. मधाखेरीज काहीही नाही, आणि उलटी तर मुळीच करवायची नाही.

एक्स-रे तोंडापासून पोटापर्यंत, समोरून आणि बाजूने असे दोन काढायचे. समोरून बॅटरीच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, बाजूने एका अंगाला पायरी. नाण्याची कड एकसंध असते. बॅटरी अन्ननलिकेत असेल तर उपाशीपणाची वाट न बघता भूल देऊन काढतात. काढल्यावर जखम ०.२५ टक्के निर्जंतुक ॲसिटिक ॲसिडने धुतात आणि अरुंद, म्हणजे ऋण बाजू कुणीकडे होती ते लिहून ठेवतात. ती पाठीमागे होती की श्वासनळीकडे, यावर पुढचा धोका ठरतो. बॅटरी निघाली तरी भाजणं थांबलेलं नसतं. पुढच्या काही आठवड्यांत उलटीत थोडंसं रक्त पडलं, शौच काळं झालं, दूध पिताना खोकला येऊ लागला, तर लगेच त्याच रुग्णालयात. ते थोडंसं रक्त मोठ्या रक्तस्रावाची पहिली खूण असू शकते.

एक्स-रेत ते खरंच नाणं निघालं, तर निवांतपणा आहे. समोरून काढलेल्या चित्रात पूर्ण गोल दिसलं की ते बहुधा अन्ननलिकेत आहे. लाळ गळत असेल, श्वासाला त्रास असेल तर लगेच काढतात. मूल मजेत असेल तर २४ तासांपर्यंत थांबून, दुर्बिणीआधी एक्स-रे पुन्हा काढतात, कारण बरीच नाणी आपणहून जठरात उतरतात. तिथे पोचलं की घरी जा, नेहमीचं खाऊ द्या. केळ्यांचा घड लागत नाही, जुलाबाचं औषध तर नाहीच. आणि दोन चुंबकं गिळली असतील तर बॅटरीइतकीच घाई करा. आतड्याच्या दोन वेटोळ्यांना पकडून ती मधली भिंत कुजवतात.

प्रश्न : माशाचा काटा घशात रुतला तर सुक्या भाताचा गोळा गिळायचा, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. त्यात चूक काय? (मालवण)

उत्तर : अलगद टेकलेला बारीक काटा गोळ्याबरोबर जातो, म्हणून ही रीत टिकली. रुतलेला काटा मात्र त्याच गोळ्याने आणखी आत ठोकला जातो. टॉन्सिलमधला, समोर दिसणारा काटा बाहेर काढायला दोन मिनिटं लागतात. तोच अन्ननलिकेच्या तोंडाशी गेला की भूल द्यावी लागते. व्हिनेगर, लिंबू यांनी काटा विरघळत नाही. तो आंबट रस तिथून निसटून जाण्याइतकाच वेळ काट्याला टेकतो.

तारलीचा बारीक काटा बहुधा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या बुडाशी सापडतो. घाटावर रोहू-कटल्याचे इंग्रजी वाय अक्षरासारखे दुबेळक्याचे काटे त्रास देतात. रुग्ण बोटाने एक जागा दाखवत असेल आणि ती गळ्याच्या घाटीच्या वर, एका बाजूला असेल, तर तिथेच शोधायचं. लिग्नोकेनचा फवारा, कपाळावर दिवा, जीभ कापडात धरून पुढे ओढलेली, आणि वाकडा चिमटा. दिसला नाही तर नाकातून पातळ दुर्बीण. तरीही दिसला नाही आणि दुखणं दोन दिवसांत कमी झालं, तर बहुधा काटा खरवडून गेला होता. कमी न होता वाढलं, ताप आला, मान सुजली, छातीत-पाठीत दुखू लागलं, तर सीटी स्कॅन. साध्या एक्स-रेत माशाचा काटा बरेचदा दिसत नाही.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीच्या एका नाकपुडीतून महिनाभर घाण वास येणारा शेंबूड येतो. सर्दीची औषधं झाली. (नाशिक)

उत्तर : सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. एकाच बाजूची दुर्गंधी म्हणजे आत फोम, कागद, खोडरबर, मणी यांतलं काहीतरी आहे, असंच धरून चालायचं. महिना झाला असेल तर घरी प्रयत्न नको. डॉक्टर सूज उतरवणारे थेंब टाकून, वाकडा हूक वस्तूच्या वरून पलीकडे नेऊन पुढे ओढतात. गोल मण्याला सरळ चिमटा लावला की तो मागे सरकतो आणि मागून घशात पडू शकतो.

ताज्या घटनेत आईची फुंकर करून बघता येते. ‘मोठी पापी देते’ म्हणून मुलीच्या उघड्या तोंडावर आपलं तोंड घट्ट ठेवायचं, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची, आधी हळू फुंकून अडसर जाणवला की एक छोटी जोरदार फुंकर. दहापैकी साधारण सहा वेळा वस्तू बाहेर येते. बॅटरी असेल तर थेंबही टाकायचे नाहीत, थेट जायचं. काही तासांत मधला पडदा जळून भोक पडतं. आणि एका नाकपुडीत सापडलं की दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कान बघितल्याशिवाय मुलाला खुर्चीवरून उतरवू नये.

प्रश्न : कानात गोम गेली तर मेंदूत जाते का? (सोलापूर)

उत्तर : नाही. कानाची वाट जेमतेम अडीच सेंटिमीटरची, पुढे पडदा. पण आत जिवंत किड्याची वळवळ असह्य असते, म्हणून आधी तो मारायचा. कूस पालटून कान वर करा आणि हाताला कोमट लागेल इतकंच खोबरेल तेल भरा. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल तर तेलही नको. मेलेला किडा डॉक्टर धुऊन किंवा ओढून काढतील. हरभरा, पावटा, मका गेला असेल तर तेल-पाणी काही नाही, दाणा फुगून बसतो. पिन, काडी, कापसाची कांडी लावू नका. पहिला प्रयत्न सगळ्यांत सोपा असतो. घरी चार जणांनी हात लावून कान सुजला की त्याच मण्यासाठी भूल द्यावी लागते.

प्रश्न : वडिलांची दोन दातांची कवळी झोपेत गिळली गेली. एक्स-रेत नुसती तार दिसते. गुळगुळीत प्लॅस्टिक आहे, जाईल ना? (ठाणे)

उत्तर : प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही, तार दिसते, आणि घात करते ती तारच. हुकासारखी ती अन्ननलिकेच्या भिंतीत रुतते. अन्ननलिकेत असेल तर त्याच दिवशी काढायला हवी. पाणी-भात देऊन ढकलू नका, तोंडातून काहीच देऊ नका. कवळीचा दुसरा जोड किंवा दातांच्या डॉक्टरांकडचा साचा असेल तर सोबत न्या. तारेचा हूक कुठे आणि कुणीकडे वळलेला आहे, हे बाहेर कळलं तर आत फिरवून सोडवता येतो. नाही सुटला तर दुर्बिणीतून तुकडे करतात, क्वचित मान उघडावी लागते. सैल झालेली अर्धी कवळी रात्री वाटीत काढून ठेवावी, दारू घेतलेल्या माणसाने आणि फिट येणाऱ्याने तर नक्कीच.

प्रश्न : बाभळीचा काटा गुडघ्याजवळ घुसला. काढला, पण तीन आठवडे झाले तरी गुडघा सुजतो. (पारनेर)

उत्तर : टोक आत राहिलंय. लाकूड एक्स-रेत दिसत नाही, काच आणि धातू दिसतात. सोनोग्राफी करा, आणि काटा कुठून शिरला ती जागा पेनाने खूण करून दाखवा. सांध्यात गेलेलं वनस्पतीचं टोक नुसत्या गोळ्यांनी बरं होत नाही. ते आणि त्याभोवती सुजलेलं सांध्याचं अस्तर काढावं लागतं. जागा बधिर करून सुईने कोरत बसणाऱ्याकडे जाऊ नका. मांडीला पट्टा बांधून रक्त थांबवलेल्या कोरड्या जागेत टोक सापडतं, रक्तात ते शोधूनही दिसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत झालं नसेल तर घ्या.